हरकत

सूरमध्ये, खाडीपलीकडच्या अल आयजात,
मर्हून नाखवांचा उजवा हात
मी आठवड्यातून तीनदा उचलते.
जड आहे. भिजलेल्या दोरखंडासारखा,
आणि तितकाच गप्प.

पहिल्या रविवारी बोटं उघडली नाहीत
तेव्हा मी आपलं सवयीनं म्हटलं,
"हरकत नाही, बाबा."
मिरजेच्या इस्पितळात दिवसातून पन्नासदा म्हणायचे तसं,
पाठीवरून हात फिरवल्यासारखं.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.
मंगळवारी उठून बसले नाहीत.
गुरुवारी तर डोळेच मिटलेले, झोप नसताना.

शेवटी त्यांच्या सुनेनं, झुवैनानं,
मी दारात चपला घालताना सांगितलं,
मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत,
उरलेलं हातांनी:
अरबीत हरकत म्हणजे हालचाल.
आणि 'नाही' त्यांना ठाऊक आहे,
मंगळूर-कालिकतच्या बंदरांनी तेवढं शिकवलंच होतं.

म्हणजे पहिल्याच दिवशी, हसतमुखानं,
मी म्हाताऱ्या माणसाला निकाल सांगून आले होते.

चपलेचा पट्टा हातात तसाच राहिला.
शब्द यांच्याच बाजूनं आमच्याकडे आला,
कोणत्या वाटेनं, किती हातांतून, कोण जाणे.
कचेरीत बसून बसून
त्याचं हिंडणं-फिरणं सुटलं,
नुसतं आडवं यायला शिकला.
आणि मी तो परत आणून दिला, न विचारता,
उसनं भांडं पोचे पाडून द्यावं तसा.

माझाही एक राग होताच, गिळलेला.
ते मला 'गरीबा' म्हणायचे.
या गरीबेला खजूर दे,
गरीबेला पंख्याखाली बसव.
मी मनात पगार मोजायची,
भावाची फी, घराचा स्लॅब, बँकेतले आकडे,
आणि खजूर बशीत तसाच ठेवून उठायची.

गरीब म्हणजे परका, झुवैना म्हणाली.
आपल्या माणसांपासून लांब आलेला. बस, एवढंच.

ते तर खरंच होतं.
त्याचा राग कसा करायचा, ते मला सुचेना.

पुढच्या रविवारी मी काही समजावलं नाही.
माफीचं अरबी येत नव्हतं,
मराठीचा भरवसा उरला नव्हता.
कोपरातून हात वाकवला, म्हटलं, "हरकत."
सरळ केला. "हरकत."
विसाव्या खेपेला त्यांनी डोळे उघडले
आणि माझा 'ह' दुरुस्त केला,
घशाच्या तळातून, नांगर ओढावा तसा.
मी पुन्हा म्हटलं. त्यांनी 'च्च' केलं.
आमच्याकडे ती हळहळ, इथं नकार.
मी दोन्ही धरून चालले.

चौथा महिना. झुवैना कहवा ओतत होती.
इथं पुरे म्हणायचं तर रिकामा पेला
मनगटातून जरासा हलवतात.
हे कळायच्या आधी मी एकदा
नऊ पेले प्यायले होते, नको नको म्हणत.

डाव्या हातानं घ्यायची लाज,
म्हणून नाखवांनी कहवाच सोडला होता.
त्या दिवशी त्यांनी पेला उजव्यात धरला.
आम्ही दोघींनी तिकडे बघायचं टाळलं.
प्यायले. थोडा सदऱ्यावर सांडला.
मग पेला हलला.

किटली अधांतरी थांबली.
झुवैनानं माझ्याकडे पाहिलं.
"हरकत आहे," मी म्हटलं,
कुठल्या भाषेत, ते अजून ठरवता आलेलं नाही.

ती किटली खाली ठेवायला वळली
तशी नाखवांनी भुवया चढवल्या
आणि थरथरता पेला पुढे केला.
त्यांना अजून हवा होता.